विजापूरचा गाईड: रोजा पैसावसूल, सुलतान मात्र अर्धाच

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. म्हणजे इब्राहिम रोजा (विजापूरच्या सुलतानाची कबर आणि शेजारची मशीद) दाखवायचे पाचपैकी पाच आणि त्यात झोपलेल्या इब्राहिम आदिलशहाची गोष्ट सांगायचे जेमतेम दोन, सरासरी तुम्ही काढून बघा.

आम्ही सोलापूरहून गेलो होतो, मी, आई आणि मावसभाऊ. सोलापूर ते विजापूर शंभरेक किलोमीटर, सकाळी लवकर निघालं की दिवस पूर्ण हातात मिळतो. रोज्याच्या गेटपाशी गळ्यात ओळखपत्र घातलेले दोनतीन गाईड असतात त्यातल्या एका वयस्कर चाचांना घेतलं, अर्धा दिवस, त्यांच्याच ओळखीची रिक्षा धरून. सुरुवातीला सांगितलेला आकडा ऐकून आई सरळ चालायला लागली त्यामुळे तो लगेच खाली आला, हे ज्यांना घासाघीस जमत नाही त्यांनी लक्षात ठेवा. नाव देत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको, आणि तिथले बरेचसे गाईड साधारण हीच गोष्ट याच क्रमाने सांगतात असं बाकीच्या ग्रुपांच्या मागे उभं राहून ऐकल्यावर कळलं.

आता गाईड कशाला, बस टूरने काय वाईट असं विचाराल. वाईट काही नाही पण बस टूरचं विजापूर म्हणजे गोलघुमट, वर जाऊन घसा बसेपर्यंत बोंबलणं, मग मलिक-ए-मैदान तोफेशेजारी फोटो, जेवण, चला बसा बसमध्ये. गोलघुमट भारी आहेच, कोण नाही म्हणतंय, चव्वेचाळीस मीटरचा घुमट आहे तो, पण तो इब्राहिमच्या मुलाचा, मुहंमद आदिलशहाचा. मुलाने आकारात बाजी मारली म्हणून बाप मागे राहिला असा प्रकार झालाय. माझ्या मते विजापूर बघायचं तर बापापासून सुरू करावं. दुसरा इब्राहिम, राज्य १५८० ते १६२७, म्हणजे तिकडे अकबर आणि जहांगीर, इकडे अहमदनगरला चांदबीबी आणि नंतर मलिक अंबर, सगळे याच्याच काळातले.

तर रोजा. एकाच उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, पूर्वेला कबर आणि पश्चिमेला मशीद, मधे हौद. बहुतेक लोक खालूनच फोटो काढतात आणि मोठी कोणती लहान कोणती यावर वाद घालतात. चाचांनी आम्हाला फोटो काढूच दिला नाही आधी, सरळ कबरीच्या भिंतीपाशी नेऊन खिडकीसमोर उभं केलं. दगडी जाळी आहे असं वाटतं लांबून, नेहमीसारखी षटकोनी वगैरे. जवळ गेल्यावर कळतं की ती जाळी नाहीच, ती अक्षरं आहेत, अरबी मजकूर दगडात असा कापलाय की अक्षर तेवढं शिल्लक ठेवलंय आणि अक्षरांच्या मधली जागा आरपार. आतून बघितलं की अक्षरं काळी आणि मधून उजेड. चाचा म्हणाले "अम्मा, हात नक्को लगाव, नजर लगाव", आणि खरंच आई पाचेक मिनिटं तिथून हललीच नाही, नंतर म्हणाली की एक टाका चुकला असता तर अख्खी खिडकी फेकून द्यावी लागली असती याची. भरतकाम करणाऱ्या बाईला बरोबर तेच दिसलं बघा.

मग आतलं छत. मोठी चौरस खोली आणि वर सपाट दगडी छत, कमान नाही, खांब नाही, मधे टेकू नाही. कडेने भिंतीतून बाहेर झुकत आलेला भाग आणि त्याच्या मधोमध हे सपाट, दगडाला दगड चुन्याने पकडून बसलेत आणि चारशे वर्षं बसलेत. इथे चाचा खूप चांगलं बोलले, घाईगडबड नाही, कुठे उभं राहून वर बघायचं ते पण सांगितलं. मशिदीच्या छज्जाच्या कोपऱ्यांना लोंबणाऱ्या साखळ्या दाखवल्या, "एकीच पत्थर" असं तीन वेळा म्हणाले, आणि आहेच तसं, कड्यात कडी अडकवलेली दगडी साखळी एकाच दगडातून कोरलेली. बऱ्याच तुटल्यात, ज्या उरल्यात त्या बघायला मान वर करून कोपऱ्यात जावं लागतं, गाईड नसता तर आम्ही त्याखालून तशाच गेलो असतो. हे सगळं उभं करणारा मलिक संदल, हबशी, त्याचं नाव तिथल्या शिलालेखात आहे, आणि खर्चही लिहिलाय, दीड लाख होनांच्या, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या नाण्यांच्या, वर. कामावरच्या माणसाचं नाव इतक्या ठळकपणे क्वचित दिसतं.

आत सहा कबरी आहेत. इब्राहिमची, ताज सुलतान राणीची, राजाच्या आईची, मुलीची आणि दोन मुलांची. रोजा मुळात राणीसाठी म्हणून सुरू झालेला. आता राणीचं नाव ताज म्हटल्यावर चाचा गप्प बसणार थोडेच, लगेच "ताजमहाल इसकूच देख के बनाया" सुरू. हे वाक्य तुम्हाला विजापुरात रिक्षावाल्यापासून रसवंतीवाल्यापर्यंत सगळे ऐकवतील. तारखा जुळतात, रोजा १६२७ च्या आसपास पूर्ण आणि ताजमहालाचं काम त्यानंतर पाचेक वर्षांनी सुरू, कोपऱ्यावरचे मिनारही आहेत, पण नक्कल केल्याचा पुरावा म्हणून एवढंच असेल तर अवघड आहे, दिल्लीत हुमायूनची कबर त्याच्या कितीतरी आधीपासून उभी होती ना. मला कळत नाही की रोज्याला मोठं ठरवायला ताजमहालाची चिठ्ठी कशाला लागते.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला आणि याच्यासाठी पैसे दिले तरी चालतील. चाचांकडे एक लॅमिनेट केलेल्या चित्रांची फाईल आहे. इब्राहिमची त्याच्या हयातीत काढलेली चित्रं, मूळ चित्रं परदेशात पांगलेली, एक लंडनला, एक प्राग शहरातल्या म्युझियममध्ये वगैरे. प्रागवाल्या चित्रात राजा स्वतः तंबुरा वाजवतोय, चित्रकार फारुख बेग. प्रिंट काही फार चांगल्या क्वालिटीची नाही, कडा उचकटल्यात, पण लंडनवाल्या चित्रावर चाचा बोट ठेवून म्हणाले गळ्यात बघा. बघितलं तर रुद्राक्षाची माळ! मोत्यांच्या नाही, रुद्राक्षाच्या. मावसभाऊ म्हणाला एडिट केलंय, चाचा भडकलेच.

हा राजा गाणारा होता, नुसता गाणी ऐकणारा नाही. किताब-ए-नवरस म्हणून दखनी भाषेत त्याने पदं लिहिलीत, एकोणसाठ पदं आणि सतरा दोहे, आणि पदं रागांनुसार लावलेली, भूपाळी, भैरव, आसावरी, मल्हार, केदार असे आपल्या ओळखीचे राग. सुरुवात सरस्वतीच्या स्तवनाने. एका ठिकाणी स्वतःची ओळख करून देताना बाप गणपती आणि आई सरस्वती असं म्हणतो. तंबुऱ्याचं नाव मोतीखान, हत्तीचं नाव आतशखान, आणि दोघांवर जीव इतका की दोघंही पदांमध्ये येतात. लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. फारसी कवी जुहूरी याच दरबारात, इतिहासकार फरिश्ता याच दरबारात, फरिश्त्याने आपला मोठा इतिहास याच राजाच्या आश्रयाने लिहिला. चाचांना यातलं बरंच तोंडपाठ आहे आणि ते दोन ओळी गाऊनही दाखवतात, आवाज फाटलेला पण सुरात.

आता मराठी माणसासाठी खास. अकबराने असदबेग नावाचा वकील, म्हणजे दूत, विजापूरला पाठवला होता, १६०३-०४ च्या सुमाराला. त्याने लिहून ठेवलंय की राजाला फारसी समजतं पण बोलताना अडखळतो, आपल्या माणसांशी मात्र मराठीत बोलतो. मुघल वकिलासमोर बसलेला सुलतान बाजूच्या माणसाला मराठीत काहीतरी सांगतोय आणि वकिलाला काही कळत नाहीये, हे डोळ्यासमोर आणून बघा जरा. हाच असदबेग परत जाताना तंबाखू घेऊन गेला आणि अकबरापुढे चिलीम ठेवली, मुघल दरबारात तंबाखू पोचला तो असा विजापूरमार्गे. चाचांना तंबाखूची गोष्ट माहिती होती, मराठीची नव्हती. त्याऐवजी त्यांनी सांगितलं की "इसी इब्राहिम ने हिसाब-किताब फारसी से मराठी में किया". तर तो हा नव्हे, तो पहिला इब्राहिम, याच्या आजोबांच्या पिढीतला, १५३४ ते १५५८ वाला. दोन इब्राहिमांची मिसळ तिथे सगळेच करतात. मी हळूच सांगितलं, चाचा म्हणाले "हां तो क्या हुआ, इब्राहिम इब्राहिमच है". यावर काय बोलणार.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, पण मग मी साताऱ्याचं विचारलं आणि चाचांनी विषय बदलला. माझी मुख्य तक्रार तीच आहे. यांच्या गोष्टीतला इब्राहिम जन्मापासून सरळ तंबुरा घेऊनच येतो. अरे बाबा तो नऊ वर्षांचा असताना काकाचा, अली आदिलशहाचा, खून झाला म्हणून हा गादीवर आला. पुढची दहा वर्षं राज्य याचं नव्हतंच, पालक म्हणवणारे सरदार एकमेकांचे गळे कापत होते. काकू म्हणजे चांदबीबी, तीच अहमदनगर लढवणारी, तिने या पोराला सांभाळलं, तर त्या सरदारांतल्या किश्वरखानाने तिला राजवाड्यातून ओढून काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. आपला अजिंक्यतारा तो. मग हबशी सरदारांनी किश्वरखानाला पळवलं आणि तिला परत आणलं. त्यानंतर दिलावरखान आला, त्याने आधीच्या इख्लासखानाचे डोळे काढले आणि १५९० पर्यंत स्वतः कारभार केला. मग वीस वर्षांच्या इब्राहिमने त्याला हाकललं, तो अहमदनगरला पळाला, पुढे गोडीत बोलावून घेतला आणि त्याचेही डोळे काढून त्यालाही साताऱ्यालाच ठेवला. आणि सख्खा भाऊ इस्माईल, त्याने बेळगावला बंड केलं १५९४ च्या आसपास, तोही जिवंत राहिला नाही.

हे सगळं करणारा आणि "आई सरस्वती" लिहिणारा माणूस एकच. मला तरी हे कळल्यावर तो राजा जास्त खरा वाटायला लागतो, कमी नाही. लहानपणी आजूबाजूला फक्त आंधळे केलेले सरदार आणि पळून गेलेले पालक बघितलेला पोरगा मोठा होऊन गाण्यात का शिरतो ते कुणीतरी सांगायला पाहिजे की नाही? चाचांचं म्हणणं, टुरिस्टला हे नको असतं, "अच्छे राजा का अच्छाच बोलना". धंद्याच्या हिशेबाने बरोबर असेल त्यांचं. एक ग्रुप त्याला हिंदू झालेला सुलतान म्हणून विकत घेतो, दुसऱ्या ग्रुपला थोर सूफी लागतो, गाईड समोरच्याचा चेहरा बघून गोष्ट वळवतो, हे मी त्याच दिवशी माझ्या कानांनी दोनदा ऐकलं.

मग अर्किल्ला, म्हणजे आतला किल्ला. गगनमहालाची ती अवाढव्य कमान लांबूनच दाखवली, सातमंझिलीच्या खालून रिक्षा काढली, ठीक. इथेच पिंपळाखाली नरसोबाचं देऊळ आहे, दत्ताचं स्थान, इब्राहिम इथे दर्शनाला यायचा अशी जुनी समजूत आहे. आई दरवर्षी नरसोबाच्या वाडीला जाते त्यामुळे तिचं आणि चाचांचं इथे एकदम जमलं. वाडीचं देऊळ आदिलशहाने बांधलं, मुलीची दृष्टी परत आली म्हणून, ही कथा आईने सांगायची आणि चाचांनी मान हलवायची असं पंधरा मिनिटं चाललं. "अहो भाऊ, तुम्ही या की एकदा वाडीला" इथपर्यंत गेलं. कथा म्हणून ऐकायला छान आहे, कुठला आदिलशहा ते वाडीतही नक्की कुणी सांगत नाही. ताज बावडीलाही गेलो, त्याच राणीच्या नावाची विहीर, १६२० ची, कमान सुंदर, पाणी हिरवं आणि वर बाटल्या तरंगतायत.

आणि आता सगळ्यात मोठा घोळ, नवरसपूर. या माणसाला नवरस या शब्दाचं वेडच होतं, पुस्तकाला तेच, नाण्याला तेच, शहराला तेच. १५९९ साली विजापूरच्या पश्चिमेला त्याने नवं शहर वसवायला घेतलं, कलावंतांसाठी, राज्यभरातून कारागीर बोलावले. इब्राहिमचा इतिहास म्हणून गाईड घेतला तर इथे जायलाच पाहिजे ना, पण चाचा म्हणाले "वहाँ क्या है, झाडी है, रोड खराब है, नक्को". ठरवलेल्या यादीत होतं तरी नाही म्हणजे नाही. शेवटी त्यांना सोडून आम्ही दुसरी रिक्षा करून तोरवीला, म्हणजे नवरसपूर होतं तिथे, गेलो. रस्ता चांगला होता.

संगीतमहाल म्हणतात तो उभा आहे अजून, अर्धामुर्धा, गगनमहालासारखीच मोठी कमान मधे आणि दोन बाजूंना अरुंद कमानी, छत गेलेलं, समोर कोरडा हौद, आजूबाजूला शेतं. माणूस एकही नाही. इथेच मला गाईड हवा होता खरं तर. कारण हे शहर म्हातारं होऊन पडलेलं नाही, १६२४ मध्ये मलिक अंबरने ते मोडलं, आदिलशाही मुघलांच्या बाजूला गेली याचा राग म्हणून. त्याच सालात नगरजवळ भातवडीची लढाई झाली, अंबरने मुघल आणि आदिलशाही दोघांच्या फौजा एकत्र बडवल्या, शहाजीराजे त्यात अंबरच्या बाजूने होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. म्हणजे शाळेत आपण भातवडी वाचतो ती याच वर्षाची, फक्त तिची दुसरी बाजू इथे तोरवीच्या शेतात पडलीय. त्यानंतर तीन वर्षांत इब्राहिम गेला. पंचवीस वर्षं उभारलेलं शहर डोळ्यासमोर उद्ध्वस्त झालेला म्हातारा राजा, आणि रोज्यावर काम चालूच. हा सगळा भाग चाचांच्या पॅकेजमध्ये नाही, "आखिर में सुकून से गुजर गए" एवढ्यावर त्यांनी संपवलेलं.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी. मधेच एका साडीच्या दुकानापाशी रिक्षा आपोआप थांबते, इरकल आहेत म्हणून. आईने दीड तास घालवला आणि काही घेतलं नाही, चाचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कमिशनचं आम्हाला माहितीय, राग नाही, पण ठरलेल्या वेळेतून ते जायला नको, आधीच स्पष्ट सांगा की दुकान नको. जेवायला त्यांनी सांगितलेली खानावळ मात्र झकास निघाली, कडक भाकरी, शेंगाचटणी, वांगं, वर ताक, आणि वाढणारी मावशी नको म्हटलं तरी ऐकत नाही.

परत घेईन का हा गाईड? घेईन, पण फक्त रोज्यापुरता, तासदीडतासाचा भाव ठरवून, आणि ती चित्रांची फाईल आधी मागेन. रोजा सकाळीच करा, ऊन पूर्वेकडून त्या अक्षरांच्या जाळ्यांवर येतं तेव्हा. चपला चौथऱ्यावर काढायच्या असतात आणि दुपारी दगड तापतो, मोजे घेऊन जा. गोलघुमटासमोरचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं, आणि गोलघुमटाच्या वरच्या गॅलरीत कुजबुज ऐकायची असेल तर शाळांच्या सहली यायच्या आत वर पोचा, नंतर तिथे फक्त शिट्ट्या ऐकू येतात. तोरवी स्वतःच्या रिक्षाने, जाऊन येऊन भाव आधी ठरवून, आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगा कारण तिथून परतीचं काही मिळत नाही.